सुट्टीतले गाव आणि वस्तीचे गाव

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. गेली सलग तीन वर्षे आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी वसलेल्या एका लहानशा गावी दहा-दहा दिवसांच्या सुट्टीसाठी जात आहोत, आणि दर वेळी परत येताना तिथून पाय निघत नाही. सकाळी तळ्याला चक्कर मारायची, दुपारी वाचत पडायचे, संध्याकाळी समोरच्या डोंगरावरून ऊन उतरताना पाहत बसायचे, एवढाच तिथला दिनक्रम असतो. पण त्या दिवसांत मला झोपेची गोळी लागत नाही आणि आमचे एकदाही भांडण होत नाही. घरी मात्र आठवड्यातून दोनदा तरी खटके उडतात. या वेळी तिथे तळ्याच्या बाजूला ओसरी असलेले एक घर विकाऊ असल्याचे कळले. राहते घर विकले तर ते घेऊन वर थोडी शिल्लक उरेल. माझे काम संगणकावरचे असल्याने कुठूनही होऊ शकते, आणि यजमानांची मुदतपूर्व निवृत्ती घेण्याची तयारी आहे. माझ्या सासूबाई आमच्याजवळ असतात. त्यांचे वय ८० आहे. दुसरे एक गिऱ्हाईक तेच घर पाहून गेले असल्याने महिनाअखेरपर्यंत विसार द्यावा, असे दलालाचे म्हणणे आहे. नातेवाईक ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून आमची चेष्टा करतात. आम्ही काय करावे?

उत्तर : नातेवाइकांनी ऐकवलेली म्हण आपल्याला लागू पडते असे मला वाटत नाही. आपण तो डोंगर दुरून पाहिलेला नाही, त्याच्या पायथ्याशी राहून पाहिलेला आहे. अडचण अंतराची नसून मुदतीची आहे. तीन वर्षे जात आहोत असे म्हटले की ओळख तीन वर्षांची वाटते. प्रत्यक्षात ती तीस दिवसांची आहे, आणि हे तीसही दिवस एकाच मोसमातले असावेत असा माझा तर्क आहे, कारण नोकरदार माणसाला सुट्टी बहुधा दर वर्षी त्याच सुमारास मिळते. म्हणजे आपल्याला त्या गावाचा वर्षातला एक महिना ठाऊक आहे, आणि उरलेल्या अकरा महिन्यांविषयी जे ठाऊक आहे ते ज्यांचा धंदा आपल्यासारख्या पाहुण्यांवर चालतो अशांच्या तोंडून ऐकलेले आहे.

आपल्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो, ते घराविषयीचे नाही. ‘आमचे एकदाही भांडण होत नाही’ हे ते वाक्य. याचे श्रेय आपण गावाला देऊन मोकळ्या झाला आहात. माझी विनंती आहे की गेल्या दोन महिन्यांत घरात कशाकशावरून खटके उडाले ते दोघांनी बसून एका कागदावर लिहून काढावे. सासूबाईंना तपासणीला कोणी न्यायचे, बिल भरायचे कोणाकडून राहिले, घरी यायला उशीर का झाला आणि तसे कळवले का नाही, धुतलेले कपडे रात्रभर मशीनमध्येच कसे राहिले, अशीच काहीशी यादी निघेल. मग त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे, ही गोष्ट त्या दहा दिवसांत आपल्याबरोबर तिथे आली होती का, एवढेच लिहावे. सासूबाई त्या दिवसांत कोणाकडे होत्या याचा पत्रात उल्लेख नाही. तो नसणेच मला पुरेसे बोलके वाटले. सुट्टीत माणूस गाव बदलतो आणि त्याच दिवशी जबाबदाऱ्यांतूनही सुटतो. दोन्ही गोष्टी बरोबरच घडत असल्यामुळे मनाला आलेला हलकेपणा तळ्यामुळे आहे की कोणी हाक मारत नसल्यामुळे, हे ज्याचे त्यालाही आतून सांगता येत नाही. ते घर घेतल्यावर तळे आपल्याला रोज मिळेल यात शंका नाही. परंतु सामानाचा ट्रक भरला जाईल तेव्हा त्या कागदावरच्या बहुतेक ओळीही त्यातच चढतील.

ही चूक आपण एकट्याच करत आहात असे मानू नका. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन (यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना, आपण आपल्या आयुष्यावर कितपत समाधानी आहोत, असे विचारले होते. दोन्हीकडच्या समाधानात फरक आढळला नाही. मात्र आपल्यासारखाच एखादा विद्यार्थी दुसऱ्या भागात किती समाधानी असेल, असे विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाला झुकते माप दिले, कारण तुलना करताना डोळ्यांपुढे तिथले ऊन आणि हवा उभी राहिली. तिथे राहणारा मनुष्य दिवसभर उन्हाचा विचार करत नाही. तो परीक्षेचा, पैशांचा आणि कोणी काय बोलले याचा विचार करतो. ज्या गोष्टीत दोन गावे वेगळी दिसतात तीच निर्णयाच्या वेळी मोठी होऊन बसते आणि ज्या शंभर गोष्टी दोन्हीकडे सारख्याच राहणार असतात त्या नजरेआड जातात.

आठवण हाही तसा बेभरवशाचा साक्षीदार आहे. याच काहनेमन यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले, आणि दुसऱ्यांदा तेवढेच करून पुढे आणखी ३० सेकंद, पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेत, हात तसाच ठेवायला सांगितले. तिसऱ्यांदा यांतले कोणते करायला आवडेल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. मनात उरतो तो उत्कट क्षण आणि शेवट. मधला काळ गळून जातो. सुट्टीतल्या शेवटच्या संध्याकाळी माणूस मुद्दाम ओसरीवर जाऊन बसतो, आणि प्रवासात गेलेला दीड दिवस किंवा गळका नळ विसरून ती संध्याकाळच घरी घेऊन येतो. आपणही तीच घेऊन आला असाल.

या विषयावर मी थोडा अधिकाराने बोलतो आहे, याचे कारण सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी सुट्टीत आवडलेल्या एका समुद्रकाठच्या गावी मी वर्षभराच्या करारावर घर घेतले होते, कारण तिथे माझे लिखाण जोमाने होईल अशी माझी खात्री होती. सुट्टीत जी हवा मला ‘खारी आणि मोकळी’ वाटली होती, तिने दुसऱ्या महिन्यात कडीला गंज चढवला आणि पावसाळा सुरू झाल्यावर कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी आणली. काडेपेटीतल्या काड्यांचे गूल इतके मऊ पडे की घासले की काडी पेटण्याऐवजी गूलच निघून हाताला लागे, आणि मी सकाळी पाच-सहा काड्या वाया घालवून मग लिहायला बसत असे. बसून फारसे लिहीत नसे, ही गोष्ट वेगळी. मोसमात मला नावाने हाक मारणारे दोघे-तिघे जण दुकाने बंद करून आपापल्या घरी निघून गेले होते. संध्याकाळी आठ वाजता मी खिडकीत उभा राहून समोरच्या उतारावरच्या घरांतले दिवे मोजत असे. मोसमात चाळीसच्या वर असणारे दिवे त्या दिवसांत सहा असत. सातव्या महिन्यात मी परतलो. खर्च झाला, पण तो भाड्याचा झाला; घर विकून गेलो असतो तर परत कुठे आलो असतो, हा प्रश्नच होता.

म्हणून महिनाअखेरचा विसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे गिऱ्हाईक खरोखर असेल तर ते घर जाईल, आणि जाऊ द्यावे. आपण त्या घराकडे पाहतो आहोत तोवर त्याचा आताचा मालक ते का सोडतो आहे, हा प्रश्न आपल्या पत्रात कुठेही आलेला नाही. तो मालकालाच विचारावा, दलालाला नव्हे, आणि शक्य असल्यास शेजाऱ्यालाही विचारावा. सुट्टीच्या गावी विकाऊ घरांमागे अनेकदा आपल्यासारखीच एखादी कथा असते, फक्त तिचा शेवटचा भाग आपल्याला कोणी सांगितलेला नसतो.

त्याऐवजी आपण तिथे पुन्हा जावे, पण ज्या महिन्यात जायचे आपल्या मनात कधीच आले नसते अशा महिन्यात. गावातल्या लोकांना ‘इथे यायला चांगला महिना कोणता’ असे विचारू नका. त्याचे उत्तर तयार असते. ‘तुम्ही स्वतः कोणत्या महिन्यात गाव सोडून जाता’ असे विचारा. त्या महिन्यात हॉटेलात न उतरता साधे घर भाड्याने घ्यावे, तेही शक्यतो तळ्यापासून दूर, म्हणजे दृश्य रोज मदतीला येणार नाही. आपले काम बरोबर न्यावे आणि ते ठरलेल्या वेळी, तिथल्या इंटरनेटवर, वीज जाते तेव्हा जाऊ देऊन करावे. स्वयंपाक, धुणे, केर, किराणा सगळे स्वतः करावे. सासूबाईंना बरोबर न्यावे, आणि ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण त्यांना नातलगांकडे ठेवून केलेली चाचणी ही आणखी एक सुट्टीच ठरेल. निदान सहा आठवडे राहावे; पहिले दोन तर नव्या जागेच्या कौतुकातच जातात.

तिथे असताना एका रात्री, आजारपण नसतानाही, गाडी काढून सर्व सोयी असलेल्या जवळच्या रुग्णालयापर्यंत जाऊन यावे आणि घड्याळ लावून पाहावे. ऐंशीच्या घरातले माणूस बरोबर असताना ही गोष्ट चर्चेवर सोडण्यासारखी नाही. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगाचा झटका आला तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या वेळातच झटका ओळखणे, वाहन मिळणे, रस्ता आणि रुग्णालयातली तपासणी हे सारे बसवायचे असते. ते गाव २५०० मीटरहून उंच असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे वयस्कर आणि हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्या माणसाने तिथे कायम राहायला जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणेच योग्य. डोंगराच्या सावलीतल्या गावांत हिवाळ्यात ऊन किती तास पडते, हेही कॅलेंडरवर नव्हे तर त्या ओसरीवर बसूनच कळेल. ज्या डोंगरावरून ऊन उतरताना पाहण्यात आपली संध्याकाळ जाते, तोच डोंगर हिवाळ्यात दुपारीच सूर्य झाकत असेल, तर तो सगळा आनंद उलटा फिरेल.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. राहते घर विकू नये. निदान पहिले वर्षभर ते भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून तिथले भाडे भरावे, हाताला थोडे कमी लागले तरी चालेल. यजमानांनी नोकरी सोडण्याचा अर्ज चाचणी होईपर्यंत लिहू नये, कारण विकलेले घर आणि सोडलेली नोकरी या दोन गोष्टी त्याच भावात क्वचितच परत मिळतात. ते गाव दुसऱ्या देशात असेल, तर अनेक देशांत वर्षातून १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की माणूस तिथला करदाता धरला जातो, म्हणून चाचणीचे दिवस मोजण्याआधी त्या देशाचा नियम नीट पाहून घ्यावा.

आणि मित्रमंडळी? त्यांच्याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. आपल्या आजूबाजूला ज्यांच्याकडे न विचारता किल्ली ठेवता येते अशी किती घरे आहेत ते मोजावे, आणि अशी पहिली किल्ली नव्या गावात कोणाकडे ठेवाल याचा विचार करावा. मला तिथे सातव्या महिन्यापर्यंत असे एकही घर सापडले नव्हते, आणि दोष घरांचा नव्हता. मी कोणाच्या उपयोगी पडत नव्हतो.

झोपेचे मात्र वेगळे आहे. दहा दिवस गोळीशिवाय झोप लागते, याचा अर्थ शरीर ते करू शकते. सकाळची तासाभराची फेरी आणि दुपारचे पडून राहणे यांपैकी फेरी तरी आपण राहता तिथेही शक्य असावी. ती महिनाभर करून पाहावी आणि गोळी कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. आपल्या मनाने बंद करू नये. फेरीने झोप सुधारली, तर तळ्याकडून हवे होते त्यातले निम्मे आपल्याला गाव न बदलता मिळालेले असेल, आणि उरलेले निम्मे घराच्या किमतीएवढे आहे का, हे मग शांतपणे ठरवता येईल. सहा आठवड्यांची चाचणी देऊन, यादीतले भांडण तिथेही करून, दिवे मोजूनही तिघांना तिथेच राहावेसे वाटले, तर जरूर जावे. मी आपल्याला अडवणार नाही, उलट हेवा करेन.

प्रश्न : माझे वय ३१ आहे. सुट्टीत दोन आठवडे राहिलेल्या एका मोठ्या शहराच्या प्रेमात पडून मी नऊ महिन्यांपूर्वी तिथे नोकरी घेऊन आलो. संग्रहालये, नदीकाठ, रात्री उशिरापर्यंतची वर्दळ, सगळे तसेच आहे; पण मी त्यातले काहीही पाहत नाही. परवडणारे घर लांब मिळाल्यामुळे जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. सुट्टीच्या दिवशी मी झोपून असतो. आता परत जाणे म्हणजे हरल्याची कबुली दिल्यासारखे वाटते. थांबावे की परतावे?

उत्तर : आपण ज्या नऊ महिन्यांत आहात ते बदनाम महिने आहेत. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिस्गार्ड यांनी अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून १९५५ साली असे मांडले होते की सहा महिन्यांच्या आत परतलेल्यांना आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेल्यांना तिथे बरेच रुळल्यासारखे वाटत होते, तर सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना सर्वांत कमी. पुढच्या संशोधकांना सगळ्यांच्या बाबतीत असा आलेख आढळला नाही, म्हणून त्याला वेळापत्रक समजू नये; परंतु नवव्या महिन्याच्या मनःस्थितीवरून कायमचा निकाल लावू नये, एवढे त्यावरून नक्की घेता येते.

आपल्या तक्रारीत दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या मात्र वेगळ्या केल्या पाहिजेत. एकटेपणा, भाषेतला संकोच, रस्ते न समजणे हे दिवसांबरोबर झिजते. रोजचे तीन तास झिजत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ आलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्रे यांनी जर्मनीतल्या माहितीवरून २००८ साली दाखवून दिले की कामावर जाण्यायेण्यात जास्त वेळ घालवणारे लोक आयुष्याविषयी कमी समाधानी असतात, म्हणजे लांबच्या घराचे कमी भाडे किंवा दूरच्या नोकरीचा जास्त पगार त्या वेळाची भरपाई करत नाही. सुट्टीत आपण त्या शहराच्या मध्यभागी उतरला होतात आणि आता त्याच शहराच्या कडेला राहता. ज्या शहरावर आपले प्रेम बसले त्यात आपण अजून राहूनच पाहिलेले नाही, असे मी म्हणेन.

म्हणून परतण्याआधी घर बदलून पाहा. मध्यभागाजवळ एक खोली, लहान, कदाचित कोणाबरोबर वाटून घेतलेली, चार महिन्यांसाठी घ्या, जरी शिल्लक टाकता आली नाही तरी. त्या चार महिन्यांत नोकरीवरून चालत परतताना नदीकाठाने येता का आणि आठवड्यातून एकदा तरी संग्रहालयात शिरता का, हे पाहा. येत असाल तर प्रश्न शहराचा नव्हता, घराचा होता. तेव्हाही सुट्टीच्या दिवशी झोपूनच राहावेसे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि मग तिकीट काढा. परतल्यावर ‘काय, आलास का परत?’ असे विचारणारे भेटतीलच. त्यांना शहर कसे होते ते सांगा. बहुतेकांना पुढचे ऐकण्यात रस नसतो.